धुतलेला पिंजरा

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे फिनेलबाई म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण तिला त्यात वावगं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती तिथे एकच काम करत होती. पेशंटच्या तोंडातून निघालेले आरसे, चिमटे, आकडे आणि टोकदार सळया तिच्या खोलीत येत. त्या ब्रशने घासायच्या, पाण्यातून काढायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या आणि पाकिटात बंद करून परत पाठवायच्या. लोकांची रक्ताळलेली थुंकी पाहून तिला कधी काही झालं नाही. ती धुतली की जायची. न जाणारी घाण शिरली ती तिच्याच घरात, नवऱ्याच्या शर्टातून.

नवरा बसचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं गाडी चालवून गुडघे कामातून गेले, तेव्हा त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पहिले दोन महिने खिडकीत बसून तो खालून जाणाऱ्या ड्रायव्हरांच्या चुका काढायचा. मग त्याची पोपटवाल्याशी ओळख झाली. हा पोपटवाला बाजारामागच्या गल्लीत पक्षी विकायचा आणि दुकानाच्या आतल्या खोलीत भलतीसलती जनावरं पाळायचा. एका संध्याकाळी नवरा घरी आला तो पोटाशी हात धरून.

"काय हो, पोटात दुखतंय का?"

"नाही. तू आधी डोळे मीट."

"या वयात कसले डोळे मिटायला लावताय!"

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. आतून आधी मिशा आल्या, मग थरथरणारं गुलाबी नाक, मग मांजराएवढ्या जनावराचं उंदरासारखं डोकं. कान कागदासारखे पातळ, त्यांतून शिरा दिसत होत्या. शेवटी शेपूट सळसळत बाहेर आलं. हातभर लांब, बिनकेसाचं, अर्धं काळं आणि अर्धं पांढरट, वाळलेल्या गांडुळासारखं.

"अगं बाई! घूस!" ती मागे सरली ती थेट ओट्याला जाऊन टेकली.

"घूस काय म्हणतेस! म्हणजे दिसते घुशीसारखी. पण ही गटारातली नव्हे, लांबच्या जंगलातली आहे. हिच्या गालांत पिशव्या असतात. बघ तर खरी गंमत."

त्याने घुशीपुढे उकडलेले मटार धरले. घुशीने ते एकामागून एक तोंडात कोंबले. दोन्ही गाल फुगून डोकं खांद्यांहून रुंद झालं. मग पुढच्या पंजांनी गाल दाबून तिने ते सगळे मटार त्याच्या तळहातावर ओकून काढले. ओले, चिकट, अजून गरम. आणि तिच्या नवऱ्याने, जो एके काळी चहात माशी पडली तर कपच फेकून द्यायचा, तो तळहात पँटला पुसला आणि त्याच हाताने पाण्याचा पेला उचलला.

त्या रात्री ती जेवली नाही.

भांडली मात्र खूप. पण नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, आणि सव्वीस वर्षं हॉर्न ऐकलेल्या माणसापुढे बायकोचा आवाज तो किती चढणार! त्याने मागच्या खोलीत कपाटाएवढा पिंजरा उभा केला आणि घुशीला माणसाळवायला घेतलं. तीन दिवस एकच बनियन घालून घामेजलं की ते तो तिच्या घरट्यात ठेवायचा, म्हणजे तिला त्याच्या वासाची सवय व्हावी. मग तासन्‌तास पिंजऱ्यात हात घालून गप्प बसायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा चावली. तो चोखून रक्त थुंकायचा आणि हसून म्हणायचा, "घाबरते बिचारी." महिन्याभरात ती त्याची शीळ ऐकून खांद्यावर चढू लागली, बाहीतून शिरून कॉलरमधून निघू लागली. आणि फिरता फिरता सगळीकडे दोन-दोन थेंब सोडत जाई. सोफ्यावर, उशीवर, त्याच्या मानेवर.

"ही तिची सही आहे," नवरा म्हणायचा. "हे माझं, असं म्हणतेय ती."

"मग राहा तिचेच," फिनेलबाई म्हणाली आणि तिने त्याचा कप, ताट, चमचा, टॉवेल सगळं वेगळं केलं. अंथरूणही वेगळं केलं. भांडण म्हणून केलं नाही, तिला खरोखर जमेना. त्याने सवयीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला की तिला त्या हातावरचे मटार आठवत. शेजारी त्याचा श्वास लागला की त्यात ओल्या भुशाचा आणि उग्र मुताचा वास यायचा. एकवीस वर्षांच्या संसारात त्याच्यावर ती चिडली होती, रुसली होती, एकदा दोन महिने बोललीही नव्हती. पण त्याची शिसारी तिला कधी आली नव्हती, आणि ती आता यावी, याचं तिला स्वतःलाच भय वाटलं.

पुढे पोपटवाल्याने एक नर आणून दिला. महिनाभर तोही घरात नांदला आणि घुशीचं पोट दिसू लागलं. नराला परत पाठवून नवरा एखाद्या सुईणीसारखा पिंजऱ्यासमोर बसून राहू लागला. पिल्लं झाली त्याच दिवशी दुसऱ्या गावाहून फोन आला. त्याच्या धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला सांभाळायला कोणी नव्हतं. निदान तीन आठवडे जावं लागणार होतं.

जाताना तो दारात घुटमळला. "हे बघ. पाणी बदल, मटार घाल, सफरचंदाची फोड घाल. बाकी बारा दिवस पिंजऱ्याला हात लावायचा नाही. घरट्याला तर मुळीच नाही."

"मी कशाला लावतेय हात! काठीनं ढकलीन खायला."

"हसू नकोस. वचन दे."

"दिलं," ती म्हणाली.

तिने पाच दिवस वचन पाळलं. लांब चिमट्याने मटार आत टाकायची, नाकाला रुमाल बांधून पाणी ओतायची आणि बाहेर येऊन हात कोपरापर्यंत धुवायची. पण वास भिंतीतून येऊ लागला. आंबट, कोंदट, नासक्या दुधासारखा. तो तिच्या केसांत बसला. दवाखान्यात मॅडमनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, एकदा नाक मुरडून विचारलं, "ड्रेनेज तुंबलंय का गं कुठे?" आणि फिनेलबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सहाव्या दिवशी सुट्टी होती. तिने एप्रन चढवला, हातमोज्यांवर हातमोजे घातले आणि घुशीला मटारचं आमिष दाखवून एका खोक्यात कोंडलं. मग पिंजरा उघडला. भुसा काढला तर खाली काळपट चिखल. त्यात कुजलेल्या फोडी, मटारांचे लगदे, नवऱ्याच्या बनियनच्या चिंध्या. चिंध्यांच्या मधोमध चार पिल्लं पडली होती. अंगठ्याएवढी, नागडी, गुलाबी, बंद डोळ्यांवर निळसर पडदा, पारदर्शक पोटात दुधाचा पांढरा डाग. एकमेकांवर चढून वळवळत होती. पू झालेल्या हिरडीसारखा रंग, तिला वाटलं. आजवर हजारो तोंडांची घाण धुतलेल्या त्या बाईला भिंत धरून उभं राहावं लागलं.

तरी तिने काम अर्धवट सोडलं नाही. पिल्लं चमच्याने उचलून कागदावर ठेवली. पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, फिनेलने धुतला, पुन्हा धुतला. नवा कागद अंथरला, स्वच्छ फडकं घातलं, पिल्लं फडक्यावर ओळीने निजवली आणि घुशीला आत सोडून दार लावलं. लख्ख पिंजरा पाहून कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिला आपल्या घरात असल्यासारखं वाटलं. ती चहा करायला गेली.

चहा उकळायच्या आत तिला आवाज आला. बारीक चीं, आणि मग कोवळी काकडी मोडावी तसा.

ती धावत गेली तेव्हा फडक्यावर एकच पिल्लू होतं. घूस मागच्या पायांवर बसली होती. एक पिल्लू तिने दोन्ही पंजांत धरलं होतं, मटार धरायची तसंच, आणि डोक्याकडून शांतपणे खात होती. मिशा ओल्या लाल झाल्या होत्या. बाकीच्या दोघांचं म्हणून फडक्यावर एक शेपूट उरलं होतं, दोऱ्याएवढं.

फिनेलबाई तिथेच ओकली. पिंजऱ्यासमोर, स्वच्छ फरशीवर. आणि ओकतानाच तिला दिसलं की घूस हातातलं संपवून चौथ्याकडे वळली आहे. तिने दार उघडलं आणि हात घातला. घुशीचे दात दोन्ही हातमोजे फाडून तिच्या मनगटात रुतले. ती किंचाळली, पण पिल्लू सोडलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी तिचं मनगट पाहिलं, म्हणाले, "हे माणसांच्या डॉक्टरला दाखवा." मग पिल्लू पाहिलं. "पिंजरा धुतलात का?"

"हो."

"फिनेलनं?"

तिने मान हलवली.

"आईला पिल्लांचा वास येईना. परकं काहीतरी आलंय घरट्यात, असं वाटतं त्यांना. किंवा घरटं मोडलं म्हणून भितात." त्यांच्या सुरात राग नव्हता, त्यामुळे तिला ते जास्त लागलं. "हे जगेल असं सांगत नाही. मांजराच्या पिल्लांची दूधपावडर द्या, थेंबाथेंबानं, दर दोन-तीन तासांनी. ऊब द्या. आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसानं पोटाखाली चोळायचं. आई जिभेनं चाटते तेव्हाच यांना लघवी होते. आपोआप होत नाही."

"म्हणजे ते मी करायचं?"

"मी येऊ का घरी?" डॉक्टर म्हणाले.

तर अशी ती आगीतून फुफाट्यात पडली. घरात घूस नको म्हणणारी बाई घुशीच्या पिल्लाला ब्रशच्या टोकावरून दूध पाजू लागली. ते बोटात पकडलं की कातडीखालून त्याचं काळीज धडधडताना दिसायचं. दूध प्यायलं की नाकातून फेस यायचा, तो पुसायचा. मग कापूस. चोळता चोळता कापूस पिवळा व्हायचा, कधी त्यावर मोहरीएवढी मऊ लेंडी यायची आणि तिच्या घशाशी येई. रात्री दोनदा गजर लावून उठावं लागे. एकदाही तिला त्याची माया आली नाही. आठवत राहायचा तो आवाज, आणि स्वच्छ फडक्यावरचं दोऱ्याएवढं शेपूट. घुशीला ती पूर्वीसारखंच चिमट्याने खायला टाकी. तिच्याकडे पाहत नसे.

नवऱ्याचा रोज फोन यायचा. "कशी आहेत?"

"ठीक."

"चारही?"

"तुमची बहीण कशी आहे ते सांगा आधी," ती म्हणायची.

दवाखान्यात रजा मिळेना. दिवसभर पिल्लाला घरी ठेवलं तर ते उपाशी मेलं असतं. तेव्हा एकोणीस वर्षांत जे तिने स्वप्नातही केलं नसतं ते केलं. हत्यारांचा जुना स्टीलचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, कापूस भरला, पिल्लू त्यात घातलं आणि तो डबा पिशवीतून दवाखान्यात नेला. वाफेच्या यंत्राच्या वरची फळी कायम कोमट असे. तिथे मागच्या बाजूला तो ठेवला. चार दिवस निभावलं. दर दोन तासांनी ती दार लावून घ्यायची, दूध, कापूस, मग हात कातडी सोलेपर्यंत धुवायची. आपण केवढं पाप करतोय हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पाचव्या दिवशी ती कापूस आणायला बाहेर गेली आणि मॅडम चिमटा शोधत आत आल्या. किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

फिनेलबाई आली तेव्हा डबा टेबलावर उघडा होता. पिल्लाच्या अंगावर आता राखाडी लव आली होती, डोळे अजून बंद होते. ते तोंड उघडून दूध शोधत होतं.

"हे काय आहे?"

"पिल्लू आहे, मॅडम."

"कशाचं?"

"घुशीचं."

मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांचे ओठ आक्रसले, नाकपुड्या आत ओढल्या गेल्या आणि त्यांनी नकळत स्टूल मागे सरकवलं, तिच्यापासून लांब. पिल्लापासून नव्हे. तिच्यापासून.

"तू? अगं, तुझ्या हातचे चिमटे मी डोळे मिटून लोकांच्या तोंडात घालते."

"मी त्याला वरच्या फळीवर..."

"एक शब्द बोलू नकोस. तो डबा उचल आणि जा. आणि सोमवारपर्यंत मला तोंड दाखवू नकोस. कदाचित त्यानंतरही नको."

ती पायी घरी गेली. बसमध्ये बसावंसं वाटेना. मॅडमचा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. महिनोन्‌महिने तोच चेहरा करून तिने नवऱ्यासमोर वेगळं ताट आपटलं होतं.

नवरा आला तेव्हा पिल्लाचे डोळे उघडून चार दिवस झाले होते. हातातली पिशवी न ठेवताच तो मागच्या खोलीत गेला, आणि लगेच बाहेर आला.

"पिल्लं कुठायत?"

तिने सगळं सांगितलं. चहा ठेवला होता तेही सांगितलं. आवाज कसला आला तेवढं सांगता आलं नाही.

"तू पाहिलंस? खाताना?"

"तिसरं पाहिलं."

तो खाली बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला. "बारा दिवस का म्हणालो ते मी सांगायला हवं होतं," अखेर तो म्हणाला.

"सांगितलं असतंत तरी मी धुतलाच असता. मला सहन होत नव्हतं." तिला खोटी सुटका नको होती. "चुकलं माझं."

तो उठून खिडकीत जाऊन बसला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिलं, तो पिंजऱ्यासमोर मटारची वाटी घेऊन उभा होता. घूस जाळीला नाक लावून, पंजे पुढे करून वाट पाहत होती. त्याने हात पुढे केला, घुशीने नेहमीसारखा पंजा त्याच्या बोटावर ठेवला, आणि तो विस्तव लागल्यासारखा मागे सरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"मला जमत नाहीये." त्याने ते बोट शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं. "तिचा दोष नाही, कळतंय मला. पण ते पंजे पाहिले की... किळस आली गं मला. माझ्याच घुशीची."

फिनेलबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, हा दिवस आला की ती मनातल्या मनात पेढे वाटेल. तसं काही झालं नाही. हसू आलं नाही, कीवही आली नाही. तिने वाटी त्याच्या हातातून घेतली.

"तुम्हाला आज आली," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून आहे. मला काय फरक पडतोय? सरका."

आणि तिने चिमटा न घेता, हातमोजा घातलेल्या हाताने घुशीला मटार दिले.

त्याच आठवड्यात पोपटवाल्याला बोलावून नवऱ्याने विचारलं, परत नेतोस का. पोपटवाला म्हणाला, नेईन, पण पिल्लं खाल्लेली मादी पाळायला कोणी घेत नाही. अजगर पाळणारा एक जण आहे ओळखीचा, त्याला चालेल. नवरा पिंजऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. नाही म्हणाली ती फिनेलबाईच. म्हणाली, "बसायला सांगितलं नाही मी तुम्हाला. दार तिकडे आहे."

मॅडमनी म्हटलेल्या सोमवारी त्यांचा फोन आला नव्हता. त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी आला. बदली आलेल्या मुलीने तीन आरसे जाळले होते आणि एका पेशंटला पाकिटातल्या आकड्यावर आदल्या पेशंटचं काहीतरी सापडलं होतं. मॅडम आढेवेढे न घेता म्हणाल्या, "ये. पण रोज आल्या आल्या पिशवी मी स्वतः उघडून बघणार." तिने ते मान्य केलं. पुढे वर्षभर मॅडम रोज तिची पिशवी उघडून बघत, आणि ती रोज न बोलता उघडून दाखवी.

पिल्लू वाढलं. नवऱ्याने त्याला माणसाळवायचा प्रयत्न केला. जुनं बनियन दिलं, शीळ घातली, हात आत घालून बसला. पिल्लाने त्याचा अंगठा हाडापर्यंत फोडला. फिनेलबाईच्या अंगावर मात्र ते चढायचं. कोपरापर्यंत गेलं की ती डोळे घट्ट मिटून, दात आवळून, खांबासारखी उभी राही आणि ओरडे, "अहो, काढा हे! काढा लवकर!" मग नवरा टॉवेल घेऊन धावे. तिच्या बाहीवर दोन थेंब राहिलेले असत. ती लगेच कपडे बदलायला जाई. दोघांची ताटं अजून वेगळीच होती. अंथरूण मात्र थंडी पडली तेव्हा एक झालं.

दर सहा दिवसांनी पिंजरा साफ करायचा असे. निम्माच भुसा काढायचा, निम्मा ठेवायचा, म्हणजे वास राहतो, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो निम्मा घाणेरडा भुसा हाताने सारखा करून पुन्हा अंथरणं तिला सगळ्यात जड जायचं. एकदा ती ते करत होती, नाकाला रुमाल, कपाळावर घाम, आणि नवरा दारात उभा होता.

"अजून येते का गं किळस?" त्याने विचारलं.

"येते म्हणजे! रोज येते."

"मग कशी काय करतेस?"

"किळस येते म्हणून खरकटी भांडी घासायची सोडतं का कोणी?" ती म्हणाली. "गप्प उभे राहू नका. तिकडची बादली द्या इकडे."